मोबाईलबंदीची शपथ नको, वर्गमित्रांची तालीम हवी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून-जुलैमध्ये शाळा मार्गी लागल्या की ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ या विषयावर एक व्याख्यान ठरलेले असते. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होते, पाऊण तास मुले मांडी घालून ऐकतात आणि शेवटी हात पुढे करून शपथ घेतात. शाळा सुटली की गेटाबाहेर ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याभोवती चार-पाच जणांचा घोळका जमतो. हे पालथ्या घड्यावर पाणी आहे, हे व्याख्यान देणाऱ्यालाही ठाऊक असते. चौदा-पंधरा वर्षांचे मूल रील, जाहिरात किंवा फॉरवर्डबद्दल मत बनवते ते त्या घोळक्यात. तपासून पाहण्याची सवयही त्या घोळक्यातच रुजली पाहिजे आणि ती रुजवणारी मुले वर्गातलीच असली पाहिजेत. म्हणजे वर्गानेच सुचवलेल्या दहा मुलांना दोन दिवस तयार करायचे आणि मग सहा आठवडे त्यांनी बाकीच्या वर्गाला हे शिकवायचे. सोलापुरातल्या कोणत्याही शाळेला हे थोड्या खर्चात जमते. ते कसे करायचे आणि कुठे फसते, हे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या जिल्ह्याला या विषयाची निकड वेगळी समजावून सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारहाण करून ठार केले. भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातून गेलेले. त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात. तो व्हिडिओ कराचीतला. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी मुद्दाम तयार केलेला. मूळ फिल्मच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढे शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले आणि जनजागृतीची अफवा झाली. नववीच्या मुलांना व्हिडिओ तपासायला शिकवताना पहिला प्रश्न हाच द्यावा : याच्या आधी काय होते, आणि याच्या नंतर काय होते?

आता मुले कोण निवडायची? बहुतेक शाळा इथेच चुकतात. वर्गाचा मॉनिटर, वक्तृत्वात ढाल आणणारी मुलगी आणि पहिल्या तीन क्रमांकांची मुले, अशी यादी शिक्षक कक्षात पाच मिनिटांत तयार होते. ही मुले चांगलीच असतात, पण केसांना काय लावायचे, कोणता गेम खेळायचा, कोणते चॅनल बघायचे, हे वर्ग त्यांना विचारत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांत धूम्रपान रोखण्यासाठी एक प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारले की तुम्ही कोणाला मानता. त्यांनी सुचवलेल्या मुलांना शाळेबाहेर दोन दिवस तयार केले आणि पुढचे दहा आठवडे त्यांनी मित्रांशी जाता-येता, डबा खाताना बोलायचे, एवढेच काम दिले. इतर शाळांच्या तुलनेत तिथे सिगारेटचे प्रमाण कमी राहिले. सिगारेट आणि रील या वेगळ्या गोष्टी आहेत, पण निवडीची ही पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

प्रत्येक मुलाला कोरी चिठ्ठी द्या. तीन प्रश्न फळ्यावर लिहा : एखादी गोष्ट खरी की खोटी कळत नसेल तर वर्गात कोणाला विचाराल? कोणी सांगितले तर तुम्ही एखादी वस्तू घेऊन बघाल? अडचणीत असताना कोणाशी बोलाल? प्रत्येकासमोर एक-दोन नावे लिहायची, स्वतःचे नाव लिहायचे नाही. साठ मुलांच्या वर्गातून ज्यांची नावे सर्वांत जास्त वेळा आली ती दहा मुले घ्या. मुलगे आणि मुली यांची मोजणी वेगळी करून पाच-पाच घ्या, नाहीतर संख्येने जास्त असलेला गट सगळ्या जागा खाऊन टाकतो. यादी वर्गात वाचून दाखवू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यादीत मागच्या बाकावरचे वात्रट नाव आले तर ते खोडू नका. वर्ग त्याचे ऐकतो म्हणूनच ते नाव आले आहे. ते खोडले तर तो बाहेर राहून तेवढ्याच ताकदीने टिंगल करील आणि पुढचे सहा आठवडे वाया जातील.

एकच गोष्ट मोठ्यांनी हाताने नीट करून घ्यावी. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले त्या दहांत आहेत ना, हे पाहावे. सोलापुरात हा भाग्याचा भाग आहे. पूर्व भागातल्या घरात येणारे फॉरवर्ड तेलुगूत असतात, अक्कलकोट रस्त्याकडच्या घरात कन्नडमध्ये. मजकूर तोच, गावाचे नाव तेवढे बदललेले. चार मुलांनी आपापल्या भाषेतला तोच संदेश शेजारी ठेवला आणि एकच घटना एकाच दिवशी चार गावांत घडलेली दिसली, की त्यांना आणखी पुरावा द्यावा लागत नाही. यासाठी इंटरनेटही लागत नाही. शिवाय ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही अशी मुलेही हवीत. मुलींपैकी अनेकजणी आईचा फोन वापरतात आणि घरातल्या मोठ्यांचे सगळे गट त्या रोज बघत असतात.

निवडलेल्या मुलांची तालीम दोन दिवस, रोज सहा तास. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, त्याने उत्तरे सांगायची नाहीत, वेळ सांभाळायची. सामान असे : पंधरा दिवसांची रद्दी, कात्री, चिप्स-बिस्किटे-शीतपेयांची चाळीस-पन्नास रिकामी वेष्टने, एक भिंग, मोजपट्टी, स्टॉपवॉच, जाड पेनांचा एक डबा आणि सगळ्यांत मिळून एकच फोन. पाचशे रुपयांच्या आत सगळे बसते. एखादी कोचिंग क्लास किंवा पेय कंपनी टी-शर्ट आणि नाश्ता द्यायला पुढे आली, तर हात जोडून नाही म्हणावे. जिच्या जाहिराती तपासायच्या तिच्याच नावाचा टी-शर्ट घालून मुले बसली, तर सगळा डाव पहिल्याच दिवशी मोडतो.

पहिला प्रयोग खिडकीचा. एका मुलाला उजेडाच्या खिडकीकडे पाठ करून उभे करा, हनुवटी थोडी खाली, चेहरा गंभीर. फोटो काढा. फोनचा कॅमेरा मागच्या झगझगीत उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडून येतो, डोळ्यांखाली सावल्या पडतात. आता त्याच मुलाला खिडकीकडे तोंड करून दोन फुटांवर उभे करा, हनुवटी वर, हसायला सांगा. दुसरा फोटो. फिल्टर नाही, क्रीम नाही, मध्ये एक मिनिटसुद्धा गेलेले नाही. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले की ‘चार आठवड्यांत फरक’ अशी जाहिरात तयार होते. मग रद्दीतली ‘आधी’ आणि ‘नंतर’वाली जाहिरात काढून भिंगाखाली बघायला द्या : उजेड कोणत्या बाजूने आहे, कपडे बदललेत का, केस बांधले आहेत का, खाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे. गोरेपणाच्या क्रीमबद्दल अर्धा तास भाषण देऊन जे होत नाही ते या एका मिनिटात होते, कारण फसवणूक त्यांनी आपल्या हाताने करून पाहिलेली असते. एका नावाजलेल्या क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ घातला, हेही मुलांना सांगावे. शब्द बदलला तरी जाहिरातीतले चित्र बदलले का, याचा शोध त्यांनीच घ्यावा.

स्वतः फसवे बनवून पाहण्यामागे शास्त्र आहे. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडले की लसीत जसा दुबळा केलेला जंतू देतात, तसा फसव्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधीच दिला तर माणूस पुढे खऱ्या हल्ल्याला तोंड देऊ शकतो. पण लस बनवताना जंतू निसटू द्यायचा नसतो. वर्गात बनवलेले खोटे पोस्टर कुणी फोटो काढून गटावर टाकले तर संध्याकाळपर्यंत ती खरी अफवा होते. म्हणून नियम कडक हवेत. वस्तू काल्पनिक, गाव काल्पनिक. धर्म, जात, पक्ष, ओळखीचा माणूस यांतले काही नाही. प्रत्येक कागदावर आडवे जाड पेनाने ‘सराव’ असे मजकुरावरूनच लिहायचे, कोपऱ्यात नाही, कारण कोपरा कापता येतो. तास संपला की कागद तिथेच फाडायचे.

दुसरा प्रयोग रस्त्यावरचा आहे आणि सोलापुरात त्याला साहित्य कमी पडणार नाही. निकाल लागले की सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ, आसरा, जिकडे पाहावे तिकडे क्लासेसचे आणि भरती अकॅडमींचे फ्लेक्स. दोन-दोन मुलांनी शाळेपासून जवळच्या चौकापर्यंत चालत जायचे आणि प्रत्येक फ्लेक्ससाठी एक कार्ड भरायचे. फोटो किती? त्यांच्याखाली गुण आहेत की फक्त नाव? ‘२५० निवडी’ लिहिले असेल तर किती जणांतून? कोणत्या वर्षांत? दहा पावलांवरून कोणती अक्षरे वाचता येत नाहीत? आणि एकच चेहरा दोन वेगळ्या क्लासेसच्या फ्लेक्सवर दिसतो का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रासाठी नियम काढले. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला ते लागू आहेत. निवड झाल्यानंतर त्या विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव-फोटो वापरता येत नाही. त्याने कोणता कोर्स घेतला आणि तो पैसे भरून घेतला का, हे सांगावे लागते. खुलाशाची अक्षरे मूळ दाव्याच्या अक्षरांएवढी हवीत. निवडीची हमी देता येत नाही. एखाद्याने फक्त एक मोफत सराव परीक्षा दिलेली असते आणि फ्लेक्स म्हणतो ‘आमचा विद्यार्थी’. मुलांनी भरलेली कार्डे या नियमांशेजारी ठेवली की पुढचा तास आपोआप रंगतो. दोन वर्षांनी याच मुलांचे आई-बाप या फ्लेक्सकडे पाहून लाखाची फी भरणार आहेत, त्यामुळे हा प्रयोग घरापर्यंत पोचतो. मात्र मुलांना बजावून पाठवावे : फ्लेक्सला हात लावायचा नाही, दुकानदाराशी किंवा क्लासवाल्याशी वाद घालायचा नाही, रस्ता ओलांडताना कार्ड भरायचे नाही. तक्रार करावीशी वाटली तर ती मोठ्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करावी.

रीलसाठी स्टॉपवॉच काढा. तीस-चाळीस सेकंदांची एकच रील चार वेळा बघायची : एकदा नेहमीसारखी, एकदा आवाज बंद करून, एकदा फोन उलटा ठेवून फक्त आवाज ऐकत, आणि एकदा दृश्य किती वेळा बदलले ते मोजत. आवाज बंद केला की जिच्यात काही सांगितलेलेच नाही अशा रील लगेच उघड्या पडतात, कारण दम सगळा संगीतात होता. मग जाहिरातीचे लेबल शोधायचे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसे स्पष्ट लिहावे लागते. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते किमान तीन सेकंद दिसले पाहिजे, पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. म्हणजे पंचेचाळीस सेकंदांच्या रीलमध्ये पंधरा सेकंद. मुले घड्याळ लावून हे मोजतात आणि त्यांना त्यात खरोखर रस वाटतो. लेबल तीस हॅशटॅगांच्या शेवटी दडवलेले असेल तर ते नसल्यासारखेच धरायचे. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली आहे. तरीही ‘आजची टीम फुकट सांगतो’ म्हणून एखाद्या बंद गटात बोलावले जाते तेव्हा कोणाचा फायदा आहे, हा प्रश्न याच तासाला घ्यावा.

वेष्टनांचा तास छोटा पुरतो. चार ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा. लेबलवरचा आकडा शंभर ग्रॅममागे आहे, की ‘एका वेळच्या’ खाण्यामागे, आणि पुडा किती ग्रॅमचा, एवढे भागाकार-गुणाकार करून खरी साखर वाटीत चमच्याने मोजून ठेवायची. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सहा चमचे. एका बाटलीपाशीच वाटी भरते. अमेरिकेत टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली होती : ‘हे तब्येतीला वाईट’ असे सांगण्यापेक्षा ‘हे तुम्हाला गुंडाळण्यासाठी कसे रचले आहे’ हे दाखवले तेव्हा मुलांच्या खाण्यात, विशेषतः मुलग्यांच्या, फरक पडला आणि तो काही महिने टिकला. या वयाला आपण फसवले जातो हे सहन होत नाही. तीच त्यांची ताकद आहे.

आता फॉरवर्ड. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशावर दोन बाण दिसत असतील तर तो किमान पाच हातांतून गेलेला आहे. २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच गटाला पाठवता येतो. पण कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढून टाकला किंवा मजकूर कॉपी करून चिकटवला, की बाण नाहीसे होतात आणि तोच शिळा माल ताजा दिसतो. म्हणून बाण नाहीत म्हणजे विश्वासाचा, असे मुलांना शिकवू नका. फोटो तपासताना आधी त्यावर लिहिलेली अक्षरे कापून टाकायची, मगच गुगल लेन्समध्ये टाकायचा. अक्षरांसकट टाकला तर त्याच अफवेच्या दहा प्रती समोर येतात. व्हिडिओ असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन दृश्ये थांबवून वेगवेगळी शोधायची आणि सर्वांत जुनी तारीख कोणती ते बघायचे. वेबसाइटचे पान कितीही देखणे असले तरी त्याच पानावर रेंगाळायचे नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, त्यांच्याच विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकाच कामाला बसवले, तेव्हा प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वाचत बसले. तपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून, हे लोक कोण आहेत, याबद्दल इतर काय म्हणतात ते शोधायला बाहेर पडले. तेच लवकर आणि बरोबर उत्तराला पोचले.

इथे एक धोका आहे आणि तो सर्वांत मोठा आहे. चार तास खोटे पकडून झाले की मुले म्हणू लागतात, ‘सगळंच फेक असतं.’ शिक्षकांना वाटते मुले हुशार झाली. प्रत्यक्षात काम बिघडलेले असते, कारण ज्याचा कशावरच विश्वास नाही तो शेवटी आपल्या लाडक्या चॅनलवरच विश्वास ठेवतो. म्हणून प्रत्येक तासाला पाच नमुने असतील तर त्यांत निदान दोन खरे हवेत, आणि एखादा खरा असूनही खोटा वाटणारा. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण तयारच आहे. पावसाळ्यात ‘उजनी १११ टक्के’ असा संदेश येतो. गणितात बरा असलेला मुलगा लगेच म्हणेल, शंभराच्या वर टक्के कसे असतील, खोटे आहे. उजनी धरणाचे टक्के उपयुक्त साठ्यावर मोजतात, तळाचा मृतसाठा त्यात धरत नाहीत. ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, त्यावरचा साठा भरून एकूण ११७ टीएमसी झाले की शंभर टक्के. त्याही वर दारांपर्यंत पाणी अडवता येते, ते १२३ टीएमसीच्या आसपास गेले की १११ टक्के. आणि उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये जाते तेही याच हिशेबाने. म्हणजे संदेश खरा असू शकतो. तपासायचे ते एवढेच की तो यंदाचा आहे की मागच्या वर्षीचा. ‘आज रात्री भीमेत विसर्ग’ असे लिहिले आहे आणि तारीख कुठेच नाही, असा संदेश दरवर्षी पुन्हा जिवंत होतो. ‘उद्या पाणी येणार नाही’ या संदेशाचेही तसेच. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते तिथे त्या एका ओळीवर घरातली हंडे-पिंपे, धुणे, पाहुणे सगळे ठरते. महापालिकेचे निवेदन कोणत्या तारखेचे, कोणत्या भागासाठी, हे पाहायला मुलांनी आपापल्या आईला शिकवले तरी पुष्कळ झाले.

प्रत्यक्ष वर्गात हे सहा आठवड्यांत होते, आठवड्याला एक तासिका. दोन-दोनच्या पाच जोड्या, प्रत्येक जोडीकडे दहा मुले. जोडीने सलग पाच मिनिटांहून जास्त बोलायचे नाही. स्टॉपवॉच त्यांच्यावरही लावावे, कारण तालीम घेतलेले मूल चौथ्या मिनिटाला छोटा गुरुजी होते आणि समोरची मुले खिडकीबाहेर बघू लागतात. शिक्षक मागे बसतील, मध्ये बोलणार नाहीत, गुण देणार नाहीत. दहा मिनिटांच्या परिपाठात हे उरकू नये, आणि शेवटी पोस्टर स्पर्धाही ठेवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये सुरू केले तर गणपतीच्या सुट्टीआधी संपते. पण असा परिणाम काही महिन्यांत ओसरतो, म्हणून जानेवारीत गड्ड्याची यात्रा लागण्याआधी एक उजळणीचा तास हवाच. दहावीला यात ओढू नये. त्यांना वेळ नसतो आणि पालक चिडतात.

अफवा पुसताना ती मोठ्याने पुन्हापुन्हा उच्चारू नये. एखादे वाक्य वारंवार कानावर पडले की ते खरे वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आले आहे. आधी खरी गोष्ट, मग एकदाच अफवा आणि तिच्यातली लबाडी, मग पुन्हा खरी गोष्ट. सुरुवात नेहमी वस्तूंच्या जाहिरातींपासून करावी. धर्म आणि निवडणूक यांवरचे नमुने पहिल्या तीन तासांत आणले तर वर्गाचे दोन तट पडतात आणि पुढे कोणी कोणाचे ऐकत नाही. तसेच ‘माझ्या आत्याने हे पाठवले होते’ म्हणून घरच्या माणसाचा संदेश नावासकट वर्गात हसण्यावारी नेऊ देऊ नये. घरी कसे बोलायचे याचा सराव मात्र करून घ्यावा : गटावर सगळ्यांदेखत ‘फेक आहे’ असे टाकायचे नाही, वेगळा निरोप पाठवून ‘काका, हे तुम्हाला कुठून आलं? मला तारीख सापडेना’ असे विचारायचे. मोठ्या माणसाला माघार घ्यायला जागा ठेवली तरच तो संदेश काढतो.

शरीरावरच्या तासाला वजनकाटा आणि टेप वर्गात नको, कोण जाड कोण बारीक ही चर्चाही नको. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोचली. तेव्हा तिथल्या शाळकरी मुलींत वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही आढळली नव्हती. तीनच वर्षांनी शंभरातल्या अकराजणींनी तसे करत असल्याचे सांगितले. पडद्याची ताकद एवढी आहे. मोठ्यांनी ही माहिती स्वतःपुरती ठेवावी. मुलींसमोर त्या उपायांचे वर्णन करू नये, काही मुली तेच उचलतात.

आणि काही गोष्टी या दहा मुलांच्या खांद्यावर मुळीच टाकू नयेत. कुणाचा फोटो मॉर्फ करून धमकी येते आहे, अनोळखी मोठा माणूस फोटो मागतो आहे, कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल बोलते आहे, यांतले काहीही कानावर आले तर ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, हे तालमीच्या पहिल्या तासातच शिकवावे. स्क्रीनशॉट आणि खात्याचे नाव जपायचे, पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचे नाही, त्या मुलीचा फोटो मात्र कुणालाही, अगदी पुरावा म्हणूनही, पुढे पाठवायचा नाही. त्याच दिवशी शाळेतल्या ठरवलेल्या एका शिक्षिकेकडे जायचे. सायबर फसवणुकीसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६, हे तीन क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले हवेत.

उपयोग झाला का, हे कळायला सुरुवातीला आणि शेवटी आठ-आठ नमुने द्यावेत, चार खरे चार खोटे, दोन्ही वेळा वेगळे. किती खोटे पकडले आणि किती खऱ्यांवर विश्वास ठेवला, हे दोन आकडे वेगळे लिहावेत. पहिला वाढला आणि दुसरा घसरला तर मुले फक्त संशयी झाली आहेत. पुढच्या तासांना खरे नमुने वाढवावे लागतील.

संपादक महोदय, आपल्याकडे तीन मागण्या आहेत. शाळांना पंधरा-पंधरा दिवसांचे जुने अंक मिळावेत. महिन्यातून एकदा आठ-दहा मुलांना आपल्या उपसंपादकांच्या टेबलाशेजारी तासभर बसू द्यावे. आलेली एखादी बातमी का थांबवली, कोणाला फोन करून खात्री केली, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहावे. तिसरी मागणी थोडी अवघड आहे. बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापले जाणारे शब्द मुले आता भिंग लावून शोधू लागतील. जाहिरात आणि बातमी वाचकाला स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, असे प्रेस कौन्सिलचे संकेत सांगतात. निकालाच्या हंगामात क्लासेसच्या यशोगाथा पानभर छापताना ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याच्या वर, मथळ्याएवढ्याच अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपले,
किशोरवयीन मुलांसोबत माध्यम साक्षरतेचे काम करणारे शिक्षक व समुपदेशक,
सोलापूर